मराठवाड्याची थंडी आणि परसातलं खुराडं

थंडीत कोंबड्या कशानं मरतात, असं फुलंब्री, कन्नड किंवा सिल्लोडच्या कुठल्याही वस्तीवर विचारा. उत्तर ठरलेलं असतं : गारठ्यानं. पिल्लांच्या बाबतीत ते खरं आहे. अंगभर पिसं आलेल्या मोठ्या कोंबडीच्या बाबतीत मात्र बहुतेक वेळा खरं नसतं. तिचा जीव घेतो तो खुराड्यातला ओलावा, कोंडलेली हवा, नाही तर या दिवसांत पसरणारा एखादा रोग. गारठ्याच्या धास्तीनं माणूस खुराडं चहूबाजूंनी गच्च बांधतो आणि त्या बंदोबस्तानंच कोंबड्या आजारी पडतात.

परसात पाच-पंचवीस कोंबड्या पाळणाऱ्या घरांपर्यंत जो सल्ला पोचतो, तो दोन टोकांचा आहे. एक, हजारो ब्रॉयलर पक्ष्यांच्या शेडसाठी लिहिलेला. त्यात पडदे, गॅसचे ब्रूडर, पंखे गृहीत धरलेले असतात. दुसरा बर्फाळ मुलखातून आलेला. भांड्यातलं पाणी गोठू नये म्हणून काय करावं, इथून त्याची सुरुवात होते. तुराट्यांचा कूड, वर पत्रा आणि ओसरीत एक डालगं, हे आपल्याकडचं चित्र दोन्हींत कुठंच नाही. आणि अशी घरं थोडीथोडकी नाहीत. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात ८५ कोटींहून अधिक कोंबड्या-बदकं मोजली गेली. त्यांतली ३१ कोटींहून अधिक परसातली होती आणि मागच्या गणनेपेक्षा परसातली संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली होती. अंड्यांचे पैसे बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतात. किराणा, मुलांच्या वह्या, गावाला जायचं भाडं त्यातूनच निघतं. थंडीत गावरान अंड्याला गिऱ्हाईक वाढतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत कोंबडी अंडं बंद करते किंवा पिल्लं हातची जातात. म्हणून हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

आधी थंडी किती असते ते पाहू. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. डिसेंबर-जानेवारीत इथलं किमान तापमान साधारण १० ते १४ अंशांच्या दरम्यान राहतं. उत्तरेकडून लाट उतरली की ८-९ अंशांवर, कधी त्याहूनही खाली येतं. उघड्या शिवारात आणि म्हैसमाळसारख्या उंच भागात शहरापेक्षा गारठा जास्त असतो. शेजारच्या नाशिक जिल्ह्यात निफाडला २०१८ च्या डिसेंबरअखेर पारा २ अंशांच्याही खाली गेला होता. पण आपल्या थंडीची खरी खूण वेगळीच आहे. पहाटे ९ अंशांवर असलेला पारा दुपारी २८-२९ वर जातो. हवा कोरडी, आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन आणि पत्रे रात्री झपाट्यानं थंड होतात. त्यामुळे खुराड्याची व्यवस्था दिवसातून दोनदा बदलावी लागते. नोव्हेंबरात एकदा पोती बांधली आणि फेब्रुवारीत सोडली, असं करून चालत नाही.

कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ ते ४२ अंश असतं, माणसापेक्षा चार-पाच अंशांनी जास्त. १८ ते २४ अंशांच्या हवेत ती सर्वांत सुखात असते. त्याखाली गेलं की ती जास्त खाते आणि पिसं फुलवते. फुललेल्या पिसांत अडकलेली हवा गोधडीचं काम करते. एक पाय पोटात घेऊन ती उभी राहते, डोकं पंखाखाली खुपसते. पायांत रक्त नेणाऱ्या आणि परत आणणाऱ्या नळ्या एकमेकींना खेटून असल्यामुळे वर येणारं गार रक्त वाटेतच ऊबदार होतं. एवढी तयारी असलेल्या पक्ष्याला आठ-नऊ अंशांची रात्र जड जात नाही. अट इतकीच, की पिसं कोरडी असावीत आणि अंगावर थेट वारा येऊ नये. भिजलेली किंवा वाऱ्यानं विस्कटलेली पिसं हवा धरून ठेवू शकत नाहीत. मग सगळी तयारी फुकट जाते.

बर्फाच्या मुलखांनी हा धडा शंभर वर्षांपूर्वीच घेतला आहे. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रिड शातलाँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शांटेक्लेर नावाची जात तयार केली. तिचा तुरा अगदी बसका आणि लहान आहे, कारण कडाक्याच्या थंडीत सर्वांत आधी तुरा गोठतो. अमेरिकेत प्रिन्स टी. वुड्स यांनी १९१२ साली उघड्या हवेच्या खुराड्यांवर पुस्तक लिहिलं. बर्फ पडणाऱ्या भागातही दर्शनी बाजू खुली असलेल्या घरात कोंबड्या बंद कोठीपेक्षा निरोगी राहतात, हा त्यांचा आग्रह होता. उणे तापमानात जे चालतं, ते संभाजीनगरातल्या हर्सूल-पडेगावच्या थंडीत न चालायला काही कारण नाही.

पण तिकडची एक गोष्ट इथं जशीच्या तशी उचलली तर घात होतो. तिकडच्या पुस्तकांत तुऱ्याचं टोक काळं पडलं की हिमदंश समजतात आणि व्हॅसलीन लावायला सांगतात. आपल्या थंडीत तुरा गोठत नाही. इथं तुरा काळा-निळा पडला, तर तो रक्त नीट फिरत नसल्याचा, म्हणजे एखाद्या गंभीर रोगाचा इशारा असू शकतो. तुऱ्यावर खपल्या धरल्या असतील तर देवीचा. व्हॅसलीन चोळत बसण्यापेक्षा पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. कडकनाथचा तुरा मुळातच काळपट असतो, तिथं या खुणेचा उपयोग नाही. तिची सुस्ती, खाणं आणि विष्ठा यांवरच लक्ष ठेवावं लागतं.

आता खुराडं. अंडी देणारी कोंबडी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते. त्यातलं बरंचसं श्वासातून आणि विष्ठेतून बाहेर पडतं. ताज्या विष्ठेत तर तीन चतुर्थांश पाणीच असतं. दहा-बारा कोंबड्या संध्याकाळी सहा ते सकाळी सात एका लहानशा खोक्यात कोंडल्या आणि फटी पोत्यांनी बुजवल्या, तर एवढं पाणी जाणार कुठं? ते पत्र्याच्या आतल्या बाजूला साचतं आणि पहाटे थेंबाथेंबानं त्यांच्याच पाठीवर पडतं. खाली ओली झालेली विष्ठा कुजते, अमोनिया सुटतो, डोळे चुरचुरतात, श्वासनलिकेचं अस्तर सुजतं आणि सर्दी, घरघर सुरू होते. फुलंब्रीकडच्या एका वस्तीवर पहाटे असं खुराडं उघडलेलं मी पाहिलं आहे. वरून प्लास्टिकचा कागद, चारी बाजूंनी खताच्या रिकाम्या गोण्या. दार सरकवताच नाकात झोंबणारा वास आला. पत्र्याखाली ओळीनं थेंब लटकले होते आणि कोंबड्यांच्या पाठीची पिसं चिकटून पट्टे पडले होते. बाहेर गारठा होता, पण बाहेर सोडल्यावर त्याच कोंबड्या उन्हात पंख पसरून दहा मिनिटांत चालत्या-फिरत्या झाल्या.

यावर उपाय सोपा आहे आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. वारा अडवायचा तो कोंबडीच्या अंगाच्या उंचीपर्यंत. दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छताला लागून, हातभर रुंदीची जागा जाळी लावून उघडी ठेवायची. ऊबदार दमट हवा वर चढते आणि तिथून निघून जाते. खाली पक्ष्याला झोत लागत नाही. हिवाळ्यात आपल्याकडे बोचरा वारा मुख्यतः उत्तर आणि ईशान्य-पूर्वेकडून येतो, म्हणून त्या बाजू कुडानं, शेणमातीनं लिंपून किंवा बारदान लावून बंद कराव्यात. तोंड दक्षिणेला ठेवावं. डिसेंबरअखेर संभाजीनगरात भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कलून, सुमारे ४७ अंशांवरच असतो. दक्षिणेला उघड्या खुराड्यात ऊन पार मागच्या भिंतीपर्यंत जातं आणि जमिनीवर पसरलेली भुशाची गादी आपोआप सुकते. उन्हाळ्यात तेच ऊन डोक्यावरून निघून जातं. तुराट्यांचा लिंपलेला कूड वारा अडवतो, ओलावा थोडा पिऊन घेतो आणि रात्री पत्र्यासारखा गार पडत नाही. सिमेंटच्या खोकड्यापेक्षा मी कधीही त्याचीच शिफारस करीन.

पत्र्याचं छत असेल तर त्यावर उसाचं पाचट किंवा कडब्याच्या पेंढ्या टाकाव्यात, किंवा आतून चार बोटं अंतर सोडून बारदानाचं दुसरं छत ताणावं. खाली शहाबादी फरशी असेल तर गादी जाड हवी. आपल्या भागात भाताचा तूस सहज मिळत नाही. भुईमुगाची टरफलं, लाकडाचा भुसा, सोयाबीनचा कोरडा भुसा ही इथली सामग्री. उन्हाळ्यात दोन इंच पुरते, थंडीत चार इंच ठेवावी, दोन दिवसांआड वरखाली करावी आणि पाण्याच्या भांड्याखालचा ओला भाग लगेच उचलून टाकावा. गादीतला मूठभर भुसा हातात दाबून पाहिला आणि मूठ उघडल्यावर त्याचा गोळा राहिला, तर ती ओली आहे असं समजावं. बसायची दांडी लाकडी, दोन इंच रुंदीची आणि चपटी असावी, म्हणजे बसल्यावर बोटं पोटाच्या पिसांखाली झाकली जातात. लोखंडी पाइपावर बसलेल्या कोंबडीच्या पायांतून रात्रभर ऊब निघून जाते. सकाळी ऊन आलं की बारदानं गुंडाळायची, सूर्य मावळताना सोडायची. मांजर, मुंगूस आणि भटकी कुत्री थंडीतही फिरतातच. म्हणून वरच्या मोकळ्या जागेला कोंबडी अडेल एवढीच नव्हे, तर मुंगसाचं तोंड शिरणार नाही एवढी बारीक जाळी हवी.

पिल्लांचं गणित वेगळं, आणि थंडीतलं खरं नुकसान इथंच होतं. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या अंगावर फक्त लव असते; स्वतःच्या अंगाची ऊब त्याला दोन-तीन आठवडे धरता येत नाही. पहिल्या आठवड्यात त्याला ३२ ते ३५ अंश लागतात, पुढे दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी कमी केलं तरी चालतं. आपल्या जानेवारीतल्या पहाटेत आणि पिल्लाच्या गरजेत वीस-पंचवीस अंशांची दरी आहे. खुडूक कोंबडी ही दरी एकटी भरून काढते. म्हणून ज्यांच्याकडे रवणीला बसणारी गावरान कोंबडी आहे त्यांनी थंडीत दहा-बारा अंड्यांवरच थांबावं. पंधरा-सोळा पिल्लं झाली तर कडेची पिल्लं तिच्या पंखाखाली मावत नाहीत.

हॅचरीतून आणलेल्या पिल्लांना आई नसते. तिथं ब्रूडर, म्हणजे ऊब देणारा दिवा लागतो. पिल्लामागे दोन वॉट हा जुना हिशेब आजही कामाचा आहे. शंभर पिल्लांना दोनशे वॉट. पण तो हिशेब तारेच्या पिवळ्या बल्बचा आहे. बाजारात आता सगळीकडे एलईडी दिवे मिळतात. त्यांचा उजेड लख्ख असतो, ऊब मात्र नसल्यासारखीच. एलईडी लावून निर्धास्त झोपलेल्या घरात सकाळी मेलेल्या पिल्लांचा ढीग दिसतो. जुना बल्ब किंवा ब्रूडिंगसाठीचाच दिवा शोधून आणावा. तो कधीही वायरीवर लोंबकळत ठेवू नये. साखळीनं किंवा तारेनं घट्ट बांधावा, कारण सुक्या भुशात पडलेला बल्ब अख्खं खुराडं जाळू शकतो.

ऊब पुरते की नाही हे पिल्लंच सांगतात. दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवाट करत असतील तर थंडी वाजते आहे. दिव्यापासून लांब, चोच उघडून, पंख पाडून बसली असतील तर गरम होतं आहे. एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा येतो आहे. सगळीकडे सारखी पसरून खात-पीत असतील तर ठीक. रात्री दहाला आणि पहाटे चारला एकदा पाहणं, हे कुठल्याही उपकरणापेक्षा मोलाचं काम. भोवतीचा पत्रा किंवा पुठ्ठा गोलच लावावा, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात दाटतात आणि खालची गुदमरून मरतात. रात्रीची वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत काचेच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून पिल्लांमध्ये ठेवावं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. पिल्लांबरोबर माणसांचाही जीव जातो. नवीन पिल्लं आल्यावर पहिल्या काही तासांत कोमट गुळाचं पाणी द्यायची पद्धत चांगली आहे, प्रवासातला थकवा त्यानं भरून निघतो.

खाण्याबद्दल फार लिहायचं कारण नाही. थंडीत कोंबडी जास्त खाते, तिला ते मिळू द्यावं. संध्याकाळी आत घेण्याआधी बाजरी, ज्वारी किंवा भरडलेला मका द्यावा. गळ्याखालची पिशवी भरून बसलेल्या कोंबडीला रात्रभर पचनाची ऊब मिळते. सिल्लोड-कन्नडच्या मकापट्ट्यात मात्र एक धोका आहे. परतीच्या पावसात भिजलेला, बुरशी आलेला मका माणसं विकत नाहीत आणि तो कोंबड्यांपुढे पडतो. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन यकृत खराब करतं आणि रोगाशी लढायची ताकद घालवतं. लस दिली तरी ती नीट लागत नाही. असा मका फेकून द्यावा. पाणी सकाळी कोमट द्यावं. नळाला रोज पाणी येत नाही तिथं ड्रममध्ये साठवलेलं पाणी पहाटे बर्फासारखं लागतं. गार पाणी कोंबडी कमी पिते, आणि कमी पाणी म्हणजे कमी अंडी.

अंडी कमी होण्याचं मोठं कारण मात्र उजेड आहे. कोंबडीला भरपूर अंडी द्यायला दिवसाचा चौदा ते सोळा तास उजेड लागतो; आपल्याकडे डिसेंबरात दिवस जेमतेम अकरा तासांचा. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाची ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेड अशा अंड्यांच्या जाती पाळल्या असतील, तर पहाटे तीन-साडेतीन तास आधी दिवा लावणं योग्य. इथं एलईडी चालतो, कारण गरज उजेडाची आहे. दिवा संध्याकाळी लावला तर तो अचानक बंद होताच कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत आणि गार जमिनीवर रात्र काढतात. गावरान कोंबडीला मात्र मी दिवा लावणार नाही. ती वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, थंडीच्या तोंडाशी अंडी थांबवून विश्रांती घेते, पिसं झाडते, नवीन पिसं आणते. नव्या पिसांना प्रथिनं लागतात. त्या दिवसांत शेंगदाण्याची पेंड, सुकट, शिजवलेली डाळ असं काही दिलं तर ती विश्रांती कामी येते.

रोगांत पहिला मानमोडी, म्हणजे राणीखेत. मान वाकडी होणं, हिरवी हगवण, धाप, आणि दोन-चार दिवसांत अख्खी गल्ली रिकामी. यावर औषध नाही, लस आहे. पिल्लांना पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, पुढे बूस्टर, आठव्या आठवड्यात आर-२-बी चं इंजेक्शन. खेड्यांत अडतं ते लसीच्या बाटलीवर : एका बाटलीत शंभर किंवा जास्त मात्रा, घरात कोंबड्या बारा, आणि एकदा विरघळवलेली लस दोन तासांच्या आत संपवावी लागते. म्हणून गल्लीनं एकत्र येऊन एकाच पहाटे लस टोचून घ्यावी. कोंबड्या तेव्हा खुराड्यातच असतात, मागे धावावं लागत नाही. हे काम थंडी सुरू होण्याआधी, ऑक्टोबरात उरकावं. गारठलेल्या, आजारी पक्ष्याला लस देऊ नये.

बर्ड फ्लूचा इतिहास पाहिला की त्याचा मोसम लक्षात येतो. देशातली पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरची. पुढच्याच महिन्यात आपल्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यात तो परसातल्या कोंबड्यांत सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात, जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळ्यांत. थंड हवेत हा विषाणू जास्त काळ टिकतो, आणि याच महिन्यांत पैठणच्या नाथसागरावर दूरदेशीचे पाणपक्षी उतरलेले असतात. म्हणून जलाशयाकाठच्या गावांत थंडीचे तीन महिने कोंबड्या पाण्याकाठी चरायला सोडू नयेत, बदकं आणि कोंबड्या एकत्र ठेवू नयेत, उघड्यावर दाणे टाकून रानपक्ष्यांना बोलावू नये. एकाच वेळी अनेक कोंबड्या अचानक मेल्या तर त्या कापू नयेत, ओढ्यात टाकू नयेत. पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला किंवा १९६२ या क्रमांकाला कळवावं. लोक कळवत नाहीत, कारण रोग निघाला तर एक किलोमीटरच्या परिसरातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या जातात. ती भीती मला समजते. पण भरपाई मारलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. उशीर केला तर पक्षीही जातात आणि पैसेही.

सरकारी बाजू थोडक्यात अशी. राज्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथं मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत. अनुदानाच्या योजनेत दोन प्रकार चालत आले : शंभर एकदिवसीय पिल्लं, किंवा आठ ते दहा आठवड्यांच्या पंचवीस तलंगा, म्हणजे तरुण माद्या, आणि तीन नर. कागदावर शंभरचा आकडा मोठा दिसतो आणि बहुतेक जण तोच मागतात. पण ज्या घरात ब्रूडर नाही, रात्रीच्या विजेचा भरवसा नाही, त्या घरात डिसेंबर-जानेवारीत एकदिवसीय पिल्लं पोचवणं म्हणजे नुकसान पदरात टाकणं. तलंगांना पिसं आलेली असतात, सुरुवातीच्या लसी झालेल्या असतात. कोरडं खुराडं आणि वाऱ्याला आडोसा मिळाला की त्या थंडी काढतात आणि पुढे अंड्यावर येतात. खात्यानं या दोन महिन्यांत एकदिवसीय पिल्लांचं वाटप थांबवावं, नाही तर केंद्रातच चार आठवडे वाढवून पिल्लं द्यावीत. आणि अर्ज भरणाऱ्या बाईनं, नोव्हेंबर ते जानेवारीत पक्षी मिळणार असतील तर, तलंगाच मागाव्यात.